खडकाला चिकटलेल्या तीन आसरा

आमच्या गावाच्या ओढ्यात एक काळा खडक होता. होता म्हणते, कारण आता तिथं सिमेंटची मोरी आहे आणि मोरीच्या तोंडाशी वेड्या बाभळी माजल्यात. खडक ओढ्याला आडवा, या काठापासून त्या काठापर्यंत, दाराच्या उंबऱ्यासारखा पसरलेला. पावसाळ्यात त्याच्यावरून पाणी जायचं. दिवाळीनंतर ओढा आटायचा आणि खडकाच्या वरच्या अंगाला नुसती वाळू उरायची. तिथंच खडकाच्या पाठीवर शेंदूर फासलेले सात दगड होते. त्या साती आसरा.

ठाऊक नसेल त्याच्यासाठी सांगते. आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. बाळंतीण, नवी नवरी, केस मोकळे सोडलेली पोरगी त्यांच्या जागेवरून गेली की त्या धरतात, अशी समजूत. गावातल्या बायका दुपारची वाट वाकडी करून जायच्या. तिथली वाळू कुणी टोपलीभरसुद्धा उचलत नसे. नेली तर घरात पाणी टिकत नाही म्हणायचे. बाहेरगावचा एक गवंडी चुकून दोन गाड्या भरायला गेला होता, तर गावानं त्याला भरलेली वाळू परत ओतायला लावली, वर नारळ फोडायला लावला तो वेगळाच.

आमचं गाव नळदुर्गहून जळकोटकडं जाताना डांबरी रस्ता सोडून आत. रात्री ट्रकांचे आवाज ऐकू येतात एवढ्या अंतरावर. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. माझ्या जन्माच्या आधी वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दादा म्हणजे माझे वडील तेव्हा नुकतेच शाळामास्तर झाले होते. त्यांनी घरातला देव्हारा उचलला आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, ओढ्यात नेऊन सोडला. ही गोष्ट त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली होती की मला ती माझ्या डोळ्यांनी पाहिल्यासारखी वाटते.

त्याआधी वस्तीच्या बायका पाण्यासाठी गावविहिरीपाशी घागरी घेऊन बसायच्या. रहाटाला हात लावायचा नाही. कुणाच्या मनात दया आली की तो वरून ओतायचा. दादांची आई तिथं सकाळ सकाळ बसलेली असायची आणि घरी येताना कधी घागर भरलेली असायची, कधी नसायची. दीक्षेनंतरच्या उन्हाळ्यात दादा आणि वस्तीतले चारदोन जण खोरी घेऊन थेट आसरांच्या वाळूत गेले आणि तिथं झिरा खोदला. वाळूत खड्डा करायचा, कडेनं दगड रचायचे, मग तळाशी पाणी आपसूक पाझरून येतं, त्याला आम्ही झिरा म्हणतो. खडकानं वाळूखालचं पाणी अडवून धरलेलं असायचं. कमरेइतकं खोल गेलं की नितळ पाणी.

गावात कुजबुज झाली, गुरवानं आसरांची शांती केली, म्हाताऱ्यांनी आमच्या घरातलं कोण आधी मरतं याची वाट पाहिली. कुणी मेलं नाही. पण म्हणून आमच्या पाठोपाठ कुणी तिथं आलंही नाही. गाव ज्या जागेला भीत होतं तिथं भ्यायचं आम्ही सोडून दिलं होतं. त्यामुळं ते पाणी आमचं झालं. कुणाला विचारायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही. माझी आई सून होऊन आली ती या झिऱ्यावर. गावविहिरीचं ते बसणं तिनं माहेरी पुरेपूर पाहिलं होतं. नवऱ्याच्या घरात दागिना नव्हता, त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. तिचा सगळा रुबाब त्या झिऱ्याचा.

झिऱ्याची रीत तिनं बसवली होती. पाणी वाटीनं घ्यायचं, घागर बुडवायची नाही. एक घागर भरली की थांबायचं, तळ पुन्हा भरू द्यायचा, मग दुसरीनं वाकायचं. जाताना बोराटीची फांदी वर टाकायची. मी घाईघाईत वाटी तळाला खरडली की पाठीत धपाटा बसायचा. पाणी येऊ द्यायचं असतं, वरबाडायचं नसतं, हे तिचं म्हणणं. बहात्तरच्या दुष्काळात गावविहीर तळाला गेली तेव्हासुद्धा झिऱ्याचा तळ ओला होता. त्या उन्हाळ्यात गावातल्या बायका भीती गिळून ओढ्यात आल्या. दुष्काळी कामावर खडी फोडून हाताला फोड आलेले, घागरी रिकाम्या, आणि खाली उतरायची तरी छाती नाही. लांब काठावर उभ्या राहायच्या. आई वाटी वाटीनं त्यांच्या घागरी भरायची. गुरवाची बायकोही त्यात होती. आई कुणाला काही बोलली नाही. मी मात्र तेव्हा मनातल्या मनात फार खूश झाले होते आणि अजूनही आहे.

दुष्काळ सरला आणि सगळ्यांच्या तोंडी ऊस आला. जिकडंतिकडं सहकाराचं वारं. आमच्याही भागात साखर कारखाना काढायचा घाट घातला गेला. त्याचा चेअरमन आमच्याच गावचा, सगळ्यांत मोठ्या जमिनीचा मालक. गोरापान, गोड बोलणारा, येता-जाता दादांना वाकून नमस्कार करणारा माणूस. कारखान्याला ऊस पाहिजे, उसाला पाणी पाहिजे, म्हणून वरच्या तलावातून कालवा मंजूर झाला. आखणीवाले चुन्याची पांढरी रेघ मारत आले, ती रेघ शेतं ओलांडत, बांध ओलांडत नेमकी आसरांच्या खडकावर येऊन थांबली. कालवा तिथं ओढ्याच्या खालून न्यायचा होता. म्हणजे खडक सुरुंगानं फोडायचा, खोल चर घ्यायचा, त्यात मोरी बांधायची आणि वरून ओढा पुन्हा वाहता करायचा.

आखणीच्या साहेबाला आईनं झिऱ्याचं पाणी दिलं होतं. बरा माणूस होता. तांब्याभर पाणी एका दमात प्याला आणि म्हणाला, असं गोड पाणी सोलापुरातसुद्धा नाही. मग त्यानं झिऱ्यापासून हातभर अंतरावर चुन्याची फुली मारली.

गावात दोन तट पडले. एका बाजूला चेअरमन आणि ज्यांच्या जमिनी कालव्याखाली येणार होत्या ते. दुसऱ्या बाजूला गुरव, काही वयस्कर शेतकरी आणि बहुतेक सगळ्या बायका. गुरव म्हणायचा, आसरांची जागा मोडली तर गाव बसेल. म्हातारे शेतकरी आणखी एक सांगायचे की कालव्याच्या कडेची काळी जमीन चिबड होते, वर मीठ फुटतं आणि मग तिच्यात कुसळसुद्धा उगवत नाही. त्यांनी पाहुण्यांच्या गावी ते पाहिलं होतं. पण चेअरमननं विचारलं की मग काय जन्मभर जवारीवरच राहायचं का, की पुढं त्यांचं कुणी ऐकत नसे. दुष्काळात सरकारनं वाटलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन कंटाळलेल्या माणसाला चिबडाची भीती किती दिवस घालणार.

आमच्या वस्तीला मात्र दोन्हीकडून बोलावणं होतं. चेअरमनच्या माणसांनी कारखान्यात पोरांना कायमच्या नोकऱ्या देऊ असं सांगितलं. गुरवानं आईला निरोप धाडला की तुम्ही रोज तिथं असता, आसरा दिसल्या म्हणून एकदा चारचौघांत सांगा. एरवी त्याला आमची सावली चालत नव्हती. आईनं निरोप आणणाऱ्या बाईला चहा पाजला आणि तशीच परत पाठवली.

भाकरी थापता थापता ती दादांना म्हणाली ते मला जसंच्या तसं आठवतं. "अवं, खडक फुटला तर झिरा ऱ्हात न्हाय. ही गोष्ट तुमी सांगा. आसराचं नाव बी घेऊ नका."

दादा म्हणाले की त्या पंक्तीत उभं राहून मी खडक फोडू नका म्हटलं, की लोक एवढंच धरणार, गुरुजी आसरांच्या बाजूनं बोलले. पाण्याचं कोण ऐकणार. देव्हारा ओढ्यात टाकलेल्या माणसानं दगडांच्या रखवालीला उभं राहायचं का?

आई म्हणाली, "त्यांचं भ्याव हाय म्हणून आपला झिरा हाय. ते भ्याव म्हंजी आपलं कुंपण हाय. तुमी कशाला मोडता?"

दादांना हे बोलणं फार लागलं. दुसऱ्याच्या अंधश्रद्धेवर आपण जगतो असं कुणी, तेही घरातल्याच माणसानं, तोंडावर म्हणावं हे त्यांना सहन होणं शक्य नव्हतं. ते ताटावरून उठले. मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसले होते, मास्तरकीच्या कोर्सला नंबर लागायची वाट बघत. मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांचाही राग येत होता. खरं तर त्या गावात खडक फोडल्यावर पाणी जाईल हे न कळणारा एकही माणूस नव्हता. चेअरमनलाही कळत होतं. पण ते बोलायचं तर आसरांच्या नावानंच बोलता येत होतं, आणि ते नाव आमच्या तोंडात बसत नव्हतं.

गावसभा शाळेच्या पटांगणात झाली. मारुतीच्या पारावर नको, तिथं वस्तीचे लोक बसणार नाहीत, असं चेअरमनच म्हणाला. तेवढा समजूतदारपणा त्याच्याकडं होता. साहेबानं नकाशा फळ्यावर टांगला. कालव्याचा पाझर विहिरींना मिळेल, विहिरी आहेत त्याहून भरतील, असं त्यानं समजावून सांगितलं. कालवा थोडा खाली वळवून खडक वाचवता येईल का, असं एका म्हाताऱ्यानं विचारलं. येईल म्हणाला, पण नव्यानं मंजुरी लागेल, तोवर पैसा दुसऱ्या तालुक्यात जाईल. यावर सभेत बराच गलका झाला.

मग गुरव उठला. तो सरळ दादांकडं वळला. "गुरुजी, तुमी शिकलेलं मानूस हाव. तुमच्या बायका तिथं पानी भरत्यात. खडक फोडल्यावर पानी ऱ्हातंय का, तेवढं खरं सांगा."

सगळं पटांगण दादांकडं बघायला लागलं. आई बायकांत बसली होती, माझ्या शेजारी. तिनं माझं मनगट धरलं. गुरवानं प्रश्न नेमका विचारला होता, आसरांचा शब्दही काढला नव्हता. एवढी सरळ वाट दादांना पुन्हा कुणी करून देणार नव्हतं. पण विचारणारा गुरव होता. त्याच्या कपाळावरचा मळवट दादांना दिसत होता, त्याचा प्रश्न दिसत नव्हता.

दादा उभे राहिले आणि म्हणाले, "पाण्याचं मला सांगता येणार नाही. दगडात देव नाही, एवढं मात्र मी खात्रीनं सांगतो."

टाळ्या पडल्या. चेअरमननं सगळ्यांत आधी वाजवल्या. हात वर करायची वेळ आली तेव्हा दादांचा हात वर गेला, त्यांच्या पाठोपाठ वस्तीतल्या पुरुषांचे गेले, आणि कालव्याचा ठराव पास झाला. आईनं माझं मनगट सोडलं. तिच्या नखांच्या खुणा त्यावर उमटल्या होत्या.

दादांचा समज असा की त्या दिवशी आसरांचा पराभव झाला. पण चेअरमन त्यांच्यापेक्षा शहाणा निघाला. लगेच दुसऱ्या आठवड्यात त्यानं जाहीर केलं की देवीला धक्का लावायचा नाही, देवीला मानानं हलवायचं. गावाच्या वरच्या अंगाला त्यानं स्वतःची जागा दिली, सिमेंटचं देऊळ बांधायचं ठरवलं आणि गुरवाला पुजारी नेमलं. गुरवाचा विरोध दुधात साखर विरघळावी तसा विरघळला. पाण्याबद्दल त्यानंही पुन्हा तोंड उघडलं नाही.

आसरांची परवानगी घ्यायला कौल लावला, चैत्रात, भर बारा वाजता. ओली कण्हेरीची फुलं दगडांना चिकटवायची. फूल उजवीकडं पडलं तर देवीची संमती, डावीकडं पडलं तर नकार. आम्ही वस्तीच्या बायका पलीकडच्या काठावर उभ्या होतो. आमच्याकडं चैत्रात त्या वेळेला पश्चिमेचा वारा सुटतो, तो रोजच सुटतो. फुलं वाळली तशी एकेक करून सगळी उजवीकडं पडली. नळदुर्गहून आणलेला बँड वाजायला लागला. हलगी वाजवायचं आमच्या लोकांनी केव्हाच सोडलं होतं, म्हणून बँड.

"वाऱ्यालाच इचारलं त्यांनी," आई म्हणाली.

मग दगड उचलायला सुरुवात झाली. पहिला सहज निघाला. चौथ्यापर्यंत सगळे तसेच निघाले, प्रत्येक दगड पितळी परातीत ठेवला, वर खण घातला. पाचवा हलेना. पहार आणली. पहारीनं खणखण आवाज आला, पण दगड जागचा हलला नाही. गुरवानं शेंदराची जाड पुटं खरडून काढली. एवढ्या वर्षांच्या शेंदराखाली काय होतं ते तेव्हा दिसलं. तो सुटा दगड नव्हताच. खडकालाच आलेलं टेंगूळ होतं ते. सहावा तसाच. सातवाही तसाच. चार आसरा कुणीतरी केव्हातरी आणून ठेवलेल्या होत्या आणि तीन खडकातूनच उगवलेल्या होत्या.

एकजण म्हणाला, छिन्नीनं तोडून काढू. गुरव त्याच्यावर खेकसला. चेअरमन हार घेऊन वर गाडीपाशी थांबला होता, बँडवाले एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजवत होते. मग गुरव उठला, ओढ्यात इकडंतिकडं बघितलं, तीन गोल गोटे उचलले, त्यांना शेंदूर फासला, खण घातला आणि परात डोक्यावर घेतली. गावात मिरवणूक गेली ती सात दगडांची. बायकांनी सातांना ओवाळलं.

दादांना हे सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. देव कसे तयार होतात ते बघा, म्हणाले. मीही हसले. आई हसली नाही. ती चूल फुंकत होती. म्हणाली, "त्या तिघींला कुणीच इचारलं न्हाय."

आई आसरा मानत नव्हती. तिनं तसा नवसही कधी केला नाही. तरीही ती असं म्हणाली, आणि त्या दिवसापासून मला खडकाकडं बघवेना. उघडी पडलेली ती तीन टेंगळं, खरडलेल्या शेंदराची, उन्हात ओलसर दिसायची.

आसरा वर देवळाच्या जागेवर गेल्या तशी गावाची भीतीही गेली. आठवड्याच्या आत पहिली बैलगाडी वाळूत उतरली. देवळाच्या बांधकामाला वाळू लागत होती, कालव्याच्या काँक्रीटला लागत होती. मग ज्याच्या त्याच्या घराच्या गिलाव्याला लागायला लागली. देवी आता वर आहे, खाली काही नाही, असं लोक एकमेकांना सांगत होते. वस्तीतले आमचेच गडी रोजानं गाड्या भरत होते, आणि हातात काम होतं म्हणून त्यांना कुणी काही म्हणू शकत नव्हतं. आई झिऱ्याभोवती काटे रचायची, सकाळी ते बाजूला सारलेले असायचे. जे दादांनी वीस वर्षं शिकवलं ते आता सगळ्या गावाला पटलं होतं. दगडात देव नाही, वाळूत काही नाही. मला याचा आनंद व्हायला पाहिजे होता, पण ओढ्यातून जाताना मी खाली न बघता पावलं उचलायचे.

सुरुंग सुरू झाले. लाल झेंडी घेतलेला माणूस चिंचेखाली उभा राहून 'हुशार, हुशार' अशी सावध करणारी हाळी द्यायचा, आणि त्यानंतर थोडा वेळ सगळं सामसूम व्हायचं. कुत्रीसुद्धा भुंकत नसत. मग धडाका. आमच्या फळीवरची पितळी भांडी थरथरायची, वरून माती गळायची. टिटव्या ओढा सोडून गेल्या. तीन टेंगळं कितव्या सुरुंगाला गेली ते कुणी पाहिलं नाही. एका सकाळी जागा सपाट होती, एवढंच.

आधी झिऱ्याचं पाणी पांढरट झालं. आई म्हणाली, बसेल गाळ. मग खेकडे निघाले. भर दिवसा, ओल्या वाळूतून एकामागून एक वर येऊन, ते कोरड्या दगडांवरून ओढ्याच्या वरच्या अंगाला चालले होते. त्यांची रांग मी बघत उभी राहिले. खेकडे असे उन्हात फिरत नाहीत. पोरांनी त्यांच्यावर झडप घातली, त्या दिवशी वस्तीत घरोघर खेकड्यांचं कालवण शिजलं. आईनं शिजवलं नाही.

पाणी हातभर खाली गेलं. आई खाली उतरून खोदायला लागली. कमरेइतका झिरा छातीइतका झाला, मग तिचं डोकं दिसेना, नुसता वाळूचं टोपलं वर देणारा हात दिसायचा आणि मी ते ओढून घ्यायचे. शेवटी पिवळा मुरूम लागला. मुरूम कोरडा होता. खाली चरात मात्र पाणी साचलं होतं, ते ठेकेदाराचं इंजिन दिवसरात्र उपसून बाहेर फेकत होतं, कामात अडथळा नको म्हणून. आमचंच पाणी ते. इंजिनाचा भकभक आवाज आमच्या घरात ऐकू यायचा. दादा शाळेतून आले की दार लोटून घ्यायचे.

ते एकदा साहेबाकडं गेले होते. साहेब म्हणाला, गुरुजी, कालवा सुरू होऊ द्या, पाझरानं दुप्पट पाणी येईल. दादांनी येऊन तेच आईला सांगितलं. आई ऐकून घेऊन धुण्याच्या पाण्याची सोय बघायला गेली.

कालवा सुरू झाला त्या दिवशी पुढारी आले, शाळेच्या पोरांनी लेझीम केलं, दादांनीच बसवलेलं. फेसाळ तांबडं पाणी आलं, पोरं त्याच्या बरोबरीनं ओरडत पळाली. पाणी मोरीत शिरून ओढ्याखालून पलीकडं निघालं. ओढ्यात थेंब नव्हता आणि त्याच्या पोटाखालून नदी चालली होती. काही दिवस तसं चाललं. मग पाळ्या लागल्या, वरच्या गावांच्या उसालाच पाणी पुरेना, आणि आमच्या गावापर्यंत फक्त ओली रेघ यायची. आमचं गाव कालव्याच्या शेपटाला. पाझरही शेपटाचाच. लावलेला ऊस जागेवर वाळला. कारखाना झाला, त्याचा धूर आमच्या शाळेतून दिसायचा. कायमच्या नोकऱ्या दोघांना लागल्या, दोघेही चेअरमनच्या भावकीतले.

पुढच्या उन्हाळ्यात वस्तीसाठी हातपंप मंजूर झाला. यंत्र आलं, त्यानं वस्तीत भोक पाडलं, धूळ निघाली. दुसरं भोक चेअरमनच्या जागेत, नव्या देवळाच्या आवारात पाडलं, तिथं पाणी लागलं. पंप तिथंच बसला. सगळ्यांना खुला आहे, कुणी कुणाला अडवायचं नाही, असं चेअरमननं चारचौघांत सांगितलं आणि तसा फळाही लावला.

आई बरेच दिवस गेली नाही. दूरच्या मळ्यातल्या विहिरीवरून आम्ही पाणी आणत होतो, मग तीही आटली. तेव्हा आई उठली, दोन घागरी घेतल्या आणि मला म्हणाली, चल.

देवळाच्या फाटकात गुरवाची बायको बसली होती. तिच्या पुढं हळदीचं ताट. तिनं आम्हाला अडवलं नाही. अगदी नीट बोलली. "या की बाई. चपला भाईर काढा. आईच्या पाया पडा, हळद लावा, मंग भरा. आंगन तिचं हाय, पानी बी तिचं हाय."

मी म्हणाले, चल आई, माघारी जाऊ. बहात्तर साली आईनं हिचीच घागर वाटीनं भरली होती, हे माझ्या तोंडावर आलं होतं, ते मी गिळलं. आईनं माझ्याकडं बघितलंही नाही. तिनं चपला काढल्या. गाभाऱ्यात सात दगड चांदीचे डोळे लावून बसले होते. आई त्यांच्याकडं थोडा वेळ बघत राहिली. मग हलक्या आवाजात गुरवाच्या बायकोला म्हणाली, "ह्यातल्या चारच खऱ्या हायत. तुमच्या मालकाला ठावं हाय." आणि वाकली. चौघींपुढं की सातांपुढं, ते तिलाच माहीत. गुरवाच्या बायकोनं तिच्या कपाळावर हळद ओढली. मला हळद लावायला ती पुढं झाली नाही, मीही थांबले नाही. पंपाचा दांडा मी मारला. पाणी मचूळ होतं.

घरी दादा वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी मान वर केली आणि त्यांना आईचं कपाळ दिसलं. येताना वाटेत तिला ते पुसता आलं असतं. पदर होता, पाणीही होतं. तिनं पुसलं नव्हतं. तिनं घागरी उतरवल्या, तांब्या विसळला, भरला आणि त्यांच्यापुढं ठेवला. उभ्या आयुष्यात तिनं त्यांना 'अवं' याशिवाय दुसऱ्या कशानं हाक मारली नव्हती.

"पानी प्या, गुरुजी," ती म्हणाली.

ती आत निघून गेली. दादांनी वर्तमानपत्राची घडी घातली. तांब्याला हात लावला नाही. मी त्यावर झाकणी ठेवली. ऊन उतरलं, गुरं परतली, दादा तसेच बसून होते. दिवेलागणीला त्यांनी झाकणी बाजूला केली आणि तांब्या तोंडाला लावला. घरात दुसरं पाणी नव्हतं.